जाता जाता झाडलोट कशाला?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावे. मुद्दा मात्र पक्का आहे. सी प्लस प्लसच्या पहिल्या प्रॅक्टिकलपासून आपल्याला एकच मंत्र मिळतो, जितके 'न्यू' तितके 'डिलीट'. मंत्र चांगलाच आहे. पण प्रोग्रॅम बंद होतानाही तो जपत बसायचं का? माझं मत, नाही!

आधी आमची फजिती ऐका. मिनी प्रोजेक्टसाठी आम्ही मेसच्या हिशोबाचं ॲप्लिकेशन केलं होतं. बंद करताना आमचा कोड एकेक ऑब्जेक्ट शोधून डिलीट करायचा आणि सगळ्यात शेवटी फाइल सेव्ह करायचा. सबमिशनच्या आदल्या रात्री रूममेटने महिन्याभराच्या नोंदी भरल्या आणि क्लोज दाबलं. खिडकी हलेचना. हँग झालं समजून तिने एन्ड टास्क केलं. नोंदी गेल्या! दोघी पहाटेपर्यंत पुन्हा टाइप करत बसलो.

चूक तिची नव्हती, आमच्या क्रमाची होती. विंडोज असो वा लिनक्स, प्रोसेस संपली की तिची सगळी मेमरी ऑपरेटिंग सिस्टिम एकदम परत घेते. उलट एकेक ऑब्जेक्टला हात लावायचा म्हणजे स्वॅप होऊन डिस्कवर गेलेली पेजेससुद्धा रॅममध्ये आणायची. कशासाठी, तर टाकून देण्यासाठी! म्हणूनच २००९ च्या मॅक ओएस एक्स १०.६ मध्ये 'सडन टर्मिनेशन' आलं. सेव्ह करायचं काही उरलं नाही असं ॲप्लिकेशनने कळवलं असेल, तर सिस्टिम त्याला सरळ संपवून टाकते.

हॉस्टेल सोडतानाचंच बघा ना. कॉट, टेबल, खुर्ची आपण एकेक करून गोडाऊनमध्ये पोचवत नाही. रेक्टरना किल्ली दिली की झालं. पण लायब्ररीचं पुस्तक आणि मेसचं बिल? ते चुकवल्याशिवाय नो ड्यूज मिळत नाही. प्रोग्रॅमचे ड्यूज म्हणजे न लिहिलेली फाइल, अर्धवट ट्रान्झॅक्शन, मागे राहिलेल्या टेम्पररी फाइल्स. ऑफस्ट्रीमचा डिस्ट्रक्टर बफरमधला शेवटचा मजकूर फाइलमध्ये उतरवतो. तो चालला नाही आणि आपणही फ्लश केलं नाही, तर मजकूर गेलाच.

सर म्हणतील, "अगं, सवय लागायला हवी." मान्य. प्रोग्रॅम दिवसभर चालू असताना लीक नकोच. हाच कोड उद्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये प्लग-इन म्हणून गेला, तर तिथे प्रोसेस संपत नाही, त्यामुळे झाडलोट आपलीच. व्हॅलग्राइंडने लीक शोधतानाही सगळं साफ केलेलं असलं की खरी गळती पटकन दिसते. म्हणून माझं म्हणणं, डीबग बिल्डमध्ये खुशाल सगळं डिलीट करा. युजरच्या हातात देताना मात्र आधी सेव्ह करा आणि लगेच निघा.

आणि एक नम्र विनंती. व्हायव्हाला "डिलीट कुठे आहे?" असं जरूर विचारा, पण त्याआधी "सेव्ह कुठे आहे?" असंही विचारा. आमची एक रात्र तरी वाचली असती!