खेळायचं की दिसायचं?

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या वस्तीतल्या शाळेच्या कबड्डी संघातली नववीतली एक मुलगी सरावाला यायची बंद झाली. संघात चढाईला तिच्याइतकी चपळ कुणी नव्हती. मी घरी गेले. आई म्हणाली, "अभ्यास असतो ताई तिला." तिसऱ्या खेपेला मुलगीच ओट्यावर येऊन हळूच बोलली. शाळेनं संघाला नवा गणवेश आणला होता, पांढरी अर्धी चड्डी. "पाळीत पकड झाली, खाली पडले आणि सगळ्यांनी पाहिलं तर?"

गणवेश ठरवताना एकाही मुलीला कुणी विचारलं नव्हतं.

हे एका शाळेचं झालं. पण जगभरच्या मोठ्या खेळांचे नियम करणारे तरी काय वेगळं करत आले? २०११ साली जागतिक बॅडमिंटन महासंघानं वरच्या दर्जाच्या स्पर्धांसाठी नियम काढला, की स्त्री-खेळाडूंनी स्कर्ट किंवा ड्रेसच घालायचा. हवी तर आतून चड्डी घाला, पण वर स्कर्ट हवाच. कारण काय, तर बायकांच्या बॅडमिंटनला प्रेक्षक आणि प्रायोजक मिळावेत! खेळाडूंकडून विरोध झाला. नियम आधी पुढे ढकलला गेला आणि २०१२ साली सोडून द्यावा लागला.

२०२१ मध्ये नॉर्वेच्या बीच हँडबॉल संघातल्या मुली युरोपीय स्पर्धेत बिकिनीऐवजी आखूड चड्डी घालून उतरल्या. संघाला १५०० युरो दंड झाला. नियमानुसार बायकांच्या बिकिनीची बाजूची पट्टी १० सेंटिमीटरपेक्षा रुंद चालत नव्हती. पुरुष मात्र चड्डीच घालून खेळत होते. जगभर टीका झाली, तेव्हा त्याच वर्षी नियम बदलला.

उलट बाजूही पाहा. त्याच २०११ साली इराणच्या मुलींना डोकं झाकलेलं होतं म्हणून जॉर्डनविरुद्धचा ऑलिंपिक पात्रता फुटबॉल सामना खेळू दिला नाही. सामना हातचा गेला. २०१४ मध्ये फुटबॉलच्या नियमांत डोकं झाकायला परवानगी आली, पण त्या संघाची संधी थोडीच परत येणार होती? आता तुमच्या लक्षात येईल, मैत्रिणींनो, की प्रश्न कपडा लांब की आखूड हा नाही. इराणमध्ये सरकार म्हणतं झाका, दुसरीकडे क्रीडा संघटना म्हणते उघडं ठेवा. बाईच्या अंगावर काय असावं हे ठरवणारं दोन्हीकडे दुसरंच कुणी असतं.

कुणी म्हणेल, खेळात शिस्त नको का? हवीच. कबड्डीत तीस सेकंदांत चढाई संपवावी लागते, तो नियम खेळ रेंगाळू देत नाही आणि बाई-पुरुष दोघांना सारखाच लागू आहे. पण स्कर्टनं स्मॅश जोरात बसतो का?

आणि ज्या प्रेक्षकांच्या नावानं हे चालतं, ते प्रेक्षक म्हणजे फक्त पुरुषच का? २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. स्टेडियम भरलेलं होतं. आमच्या वस्तीतल्या बायाही रात्री भांडी तशीच ठेवून टीव्हीपुढे बसल्या होत्या. मैदानावरच्या मुली लांब पँटीतच खेळत होत्या. कुणाचं काही अडलं नाही.

नियम शहाणपणानं बदलताही येतात. विम्बल्डनमध्ये खेळाडूंना अंगभर पांढरंच घालावं लागे. पाळीच्या दिवसांत त्याची किती धास्ती असते, हे खेळाडू उघड बोलू लागल्या. आयोजकांनी त्यांच्याशी चर्चा केली आणि २०२३ पासून स्कर्टच्या आत गडद चड्डी घालायची मुभा दिली. एवढीशी गोष्ट, पण तिला शतकाहून जास्त काळ लागला!

आमच्याकडे आम्ही मुलींची बैठक घेतली. त्यांनी स्वतःच ठरवलं, गडद निळी, गुडघ्यापर्यंतची. शाळेनं कुरकुरत का होईना, मान्य केलं. ती मुलगी परत आली. मात्र तोवर जिल्ह्याची स्पर्धा होऊन गेली होती, आणि आता दहावी म्हणून घरचे पुढे खेळू देतील की नाही, सांगता येत नाही.

म्हणून सांगावंसं वाटतं. तुमच्या गावात, शाळेत, मंडळात मुलींचा संघ असेल, तर गणवेश शिवायला टाकण्याआधी त्यांना विचारा. सरांसमोर त्या बोलणार नाहीत. एखाद्या बाईंनी त्यांच्यात बसून विचारायला हवं. आणि एखादी चांगली खेळणारी मुलगी अचानक यायची थांबली, तर "मुलींना चिकाटीच नाही" असं म्हणून मोकळं होण्याआधी, मध्यंतरी कुठला नियम बदलला, ते पाहा.