अफू एकच, न्याय दोन

१/ १८७५ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्को शहराने अफू ओढण्याच्या अड्ड्यांवर बंदी घातली. अमेरिकेतील अमली पदार्थांविरुद्धच्या सुरुवातीच्या कायद्यांपैकी हा एक. त्याचा रोख मात्र अफूपेक्षा चिनी स्थलांतरितांवर अधिक होता.

२/ हे लोक मुख्यतः दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतातले. आधी सोन्याच्या शोधात आणि पुढे रेल्वेच्या कामावर हजारो पुरुष कॅलिफोर्नियात आले. सिएरा नेवाडाचे कडे फोडून लोहमार्ग घातला तो प्रामुख्याने त्यांनीच. १८६९ मध्ये तो पूर्ण झाला.

३/ त्यांच्यातील काहींबरोबर अफूची सवयही आली. ती त्यांच्या रक्तात नव्हती. व्यापाराने लावलेली होती. बंगालची अफू कलकत्त्याहून आणि माळव्याची मुंबईहून चीनला जाई. चीनने ती रोखताच ब्रिटनने युद्ध पुकारले. १८४२ मध्ये ते जिंकले. त्याच वर्षी, या व्यापारात अमाप संपत्ती मिळवलेले मुंबईचे जमशेटजी जीजीभॉय ‘सर’ झाले.

४/ १८७५ मध्येच अमेरिकेच्या पेज कायद्याने चिनी स्त्रियांचा प्रवेश जवळजवळ बंद केला. दिवसभर कष्टणाऱ्या या पुरुषांना परतण्यासाठी घर उरले नाही. अड्ड्यात नशेइतकीच आपल्या बोलीची सोबतही मिळे.

५/ आणि गोऱ्यांची घरे? तेथे लॉडेनम, म्हणजे मद्यार्कात विरघळवलेली अफू, औषध म्हणून उघड विकत मिळे. डॉक्टर मॉर्फिनची सुई देत. व्यसन जडलेल्यांत मध्यमवर्गीय गोऱ्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. त्या रुग्ण ठरल्या. चिनी मजूर मात्र गुन्हेगार.

६/ १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशाची दारे बंद झाली. १८८७ च्या कायद्याने चिनी प्रजाजनांना अफू आयात करण्यास मनाई केली; अमेरिकी व्यापाऱ्यांची आयात मात्र चालू राहिली. नशेची चिंता खरी असती, तर विक्रेत्याचा वंश कशाला पाहिला असता?

७/ १९०९ मध्ये ओढण्याच्या अफूची आयात सर्वांनाच बंद झाली. औषधी अफूवर देशव्यापी नियंत्रण आले ते १९१४ च्या हॅरिसन कायद्याने.

८/ अफू घातक होती, हे निर्विवाद. बंदी घालणे हा दोष नव्हे. दोष हा, की विकणाऱ्याला मान मिळाला, घरात बसून घेणाऱ्याला उपचार मिळाले आणि परक्या मजुराच्या व्यसनावरून त्याच्या साऱ्या समाजाची लायकी ठरवली गेली. स्थलांतरितांच्या व्यसनाविषयी आजही बोलताना आधी विचारावे: माल कोणी आणला, नफा कोणाचा झाला आणि त्या माणसाला घर का मिळाले नाही?