ऊसकऱ्याची बिनव्याजी उधारी

कृष्णाकाठच्या बाजारपेठांचे गणित उसाच्या बिलावर मांडलेले असते. रेठरे बुद्रुकचा कृष्णा कारखाना, सांगलीस वसंतदादांनी उभारलेला कारखाना, नागनाथअण्णांचा वाळव्याचा हुतात्मा कारखाना, अशा संस्थांनी सातारा-सांगलीच्या खेड्यांना पत मिळवून दिली. हे ऋण मान्य करूनही एक प्रश्न उरतोच. तुटून गेलेल्या उसाचे पैसे केव्हा मिळावेत?

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ते १४ दिवसांत चुकते व्हावयास हवेत. विलंब झाल्यास द.सा.द.शे. १५ व्याज देय आहे. एक लाख रुपये दोन महिने थकले, तर हे व्याज अडीच हजार होते. ते न देणे म्हणजे शेतकऱ्याकडून बिनव्याजी कर्ज घेणे होय. त्याच्या स्वतःच्या सोसायटीच्या कर्जावर मात्र व्याज चढतच असते.

कारखान्यांची अडचणही खोटी नाही. ऊस चार-पाच महिन्यांत येतो, साखर वर्षभर विकली जाते. तोवर साखर तारण ठेवून बँकेची उचल घ्यावी लागते. २०१९ मध्ये साखरेचा किमान विक्रीदर किलोला ३१ रुपये ठरला. त्यानंतर उसाचा रास्त दर चढत जाऊन २०२५-२६ साठी, १०.२५ टक्के उताऱ्यास, क्विंटलला ३५५ रुपये झाला. या दोन दरांची सांगड घालणे हे केंद्र शासनाचे कर्तव्य आहे.

परंतु तोवरचा भार सर्वांत दुबळ्या खांद्यावर का? सभासद हाच मालक, हे सहकाराचे सूत्र खरे असेल, तर विलंबाचे दिवस आणि दिलेले व्याज यांचा तक्ता वार्षिक अहवालात छापला जावा. ऊसकऱ्यांच्या घरांतून शिकून शिक्षक व कारकून झालेल्यांनीच तो सर्वसाधारण सभेत मागावयास लावला पाहिजे.