रेषेपलीकडचं डोकं

पसरणीच्या घाटात एका रविवारी सकाळी माझी चाकं माझ्या बाजूला होती आणि डोकं एसटीच्या बाजूला. आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे उजवं वळण घेताना मोटरसायकल रस्त्याच्या मध्याकडे कलते. टायर मधल्या रेषेच्या अलीकडेच राहतो, पण खांदा आणि हेल्मेट हात-दीड हात पलीकडे जातं. महाबळेश्वरहून उतरणारी एसटी तिच्या बाजूने शिस्तीत येत होती. मी गाडी सरळ कशी केली ते मला आठवत नाही. डोळ्यांसमोरून सरकलेला लाल पत्रा आणि त्यावरचे चिखलाचे शिंतोडे तेवढे आठवतात. वर पाचगणीत चहाच्या टपरीपाशी थांबलो, तर बोटं इतकी थरथरत होती की हेल्मेटचा पट्टा सुटेना.

माझी गाडी केटीएम आरसी ३९०. चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार झालेली. इंजिन ३७३ सीसीचं, ताकद त्रेचाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. गावातल्या रहदारीत ती कुरकुरते, गचके देते, मांड्या भाजून काढते. आरपीएमचा काटा सात हजारांच्या वर गेला की तिचा खरा आवाज लागतो. हा आवाज एकदा ऐकला की पुन्हा ऐकावासा वाटतो, आणि मग आपण तो घाटात शोधायला जातो. पुण्याहून दर रविवारी पहाटे निघणाऱ्या ब्रेकफास्ट राइडमध्ये निम्मी मुलं मिसळीसाठी नाही, या आवाजासाठी येतात. मीही त्यासाठीच जात होतो.

त्या दिवशी घरी येऊन कागदावर आकडेमोड केली. ताशी साठच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. समोरचं दिसून हात ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरा. कोरड्या डांबरावर नीट ब्रेक मारला तरी थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात. म्हणजे झाले सदतीस. घाटातल्या आंधळ्या वळणावर पुढचं दिसतं किती? पुष्कळ ठिकाणी पंचवीस मीटरसुद्धा नाही. वेग दुप्पट केला, तर ब्रेक मारल्यानंतरचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. दिसतं तेवढ्या अंतरात थांबता येत नसेल, तर बाकी सगळं कौशल्य व्यर्थ आहे.

गॅरेजमध्ये हे सांगितलं, तेव्हा आमचा मिस्त्री चेन पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "दादा, गाडीचा दोष नाही, जागा चुकतीये. हिला मद्रासला न्या."

मद्रास म्हणजे इरुंगट्टुकोट्टई. बेंगळुरूहून चेन्नईकडे जाताना श्रीपेरुंबुदूर सोडलं की लागतं. पूर्वी चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या. मग मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने स्वतःचा ट्रॅक बांधला आणि १९९० मध्ये तो सुरू झाला. आता त्याचं नाव मद्रास इंटरनॅशनल सर्किट. एक फेरी ३.७ किलोमीटरची, वळणं बारा. आम्ही चौघांनी मिळून एक टेम्पो केला आणि गाड्या दोरांनी आवळून अकराशे किलोमीटरहून जास्त लांब नेल्या.

ट्रॅक डे म्हणजे फी भरून, शिकवणाऱ्यांच्या देखरेखीखाली आपलीच गाडी ट्रॅकवर चालवायचा दिवस. त्या पहाटे पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या तयार करायच्या जागेत, गाडीचा साज उतरवला. आरसे आणि नंबर प्लेट काढली. पडल्यावर काचा ट्रॅकवर पसरू नयेत म्हणून दिव्यांवर टेप चिकटवली. कूलंट काढून साधं पाणी भरलं, कारण कूलंट सांडलं की ते तेलासारखं निसरडं होतं आणि मागून येणारा त्यावरून घसरतो. टायर तापले की आतली हवा फुगते, म्हणून सकाळी गारच असताना थोडी हवा सोडली. तपासनिसाने चेनचा ताण, ब्रेकचे पॅड आणि माझा चामड्याचा सूट पाहिला, पाठीवरचा प्रोटेक्टर मुठीने ठोकून पाहिला, मगच स्टिकर दिला.

ट्रॅकवर समोरून कोणी येत नाही. मला हे कळायला दोन-तीन फेऱ्या गेल्या. उजव्या वळणावर अंग आपोआप आखडायचं, नजर एसटी शोधायची. इथे सगळे एकाच दिशेने जातात. वळणाबाहेर घसरत जायला मोकळी जागा असते. पुढे कोणी पडलं तर मार्शलचं पिवळं निशाण दिसतं आणि ओव्हरटेक करणं बंद होतं. लाल दिसलं, तर सगळ्यांनी सावकाश पिटमध्ये यायचं. ॲम्ब्युलन्स इंजिन चालू ठेवून उभी असते.

पण सुरक्षितता हा अर्धाच फायदा आहे. वीस-वीस मिनिटांची पाच सत्रं धरली, तर एकच वळण दिवसात तीस-चाळीस वेळा मिळतं. घाटातलं वळण एकदाच मिळतं, आणि दर खेपेला त्यात काहीतरी निराळं असतं: कधी खडी, कधी म्हैस, कधी सांडलेलं डिझेल. त्यातून शिकणार काय? पाटीवर अक्षर गिरवावं तसं ट्रॅकवर वळण गिरवता येतं. डावीकडे वळायचं तर हँडलचं डावं टोक पुढे ढकलायचं, हे मी वीस वर्षं नकळत करत आलो होतो. ते जाणून करायला तिथे शिकलो. शिकवणाऱ्यांनी दिवसभर एकच गोष्ट सांगितली. नजर पुढच्या चाकासमोर नको, वळण जिथे संपतं तिथे हवी. नजर जाते तिकडे गाडी जाते. चौथ्या सत्रात सूटच्या गुडघ्यावरचा स्लायडर पहिल्यांदा डांबराला घासला, खर्रकन आवाज झाला, आणि हेल्मेटच्या आत मी मोठ्याने ओरडलो.

संध्याकाळी टायर पाहिला. कडेचं रबर वितळून त्याच्या बारीक वळ्या झाल्या होत्या. दीडशेच्या पुढचा वेग, कललेली गाडी, तो आवाज, जे जे घाटात शोधत होतो ते पोटभर मिळालं होतं. परत आल्यावर पसरणीत मी कुणाच्या पुढे जायला धडपडलो नाही. ती भूकच उरली नव्हती.

ट्रॅकवर जाणं स्वस्त नाही. फी, टेम्पो, टायर, सूट असा खर्च असतो, आणि शर्यत किंवा वेगाच्या चाचणीतलं नुकसान आपल्या मोटार पॉलिसीत बसत नाही. पडलात तर फेअरिंग, हँडल, लिव्हर सगळं खिशातून. तरीही मी जाईन. २०२२ या एका वर्षात आपल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यांतली साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवर होती.

एकोणिसाव्या वर्षी मुलाच्या हातात अशा गाडीची किल्ली देणाऱ्या आईवडिलांना एवढंच सांगणं आहे: डाउन पेमेंट भराल त्याच दिवशी चांगला सूट आणि एका ट्रॅक डेची फी बाजूला काढा. पहिली सर्व्हिसिंग झाली की घाटाआधी त्याला ट्रॅकवर पाठवा.