फाटकाबाहेरचे विद्यापीठ



१९८८ साली सेऊलला ऑलिंपिक झाले, तेव्हापासून कोरियातल्या या शहराचे नाव आपल्या घराघरांत ठाऊक आहे. हल्ली घरातल्या मुली कोरियन मालिका बघतात, त्यामुळे म्योंगदोंग, होंगदे, गांगनाम ही तिथल्या वस्त्यांची नावे आम्हांला त्यांच्याच तोंडून कळली. आम्ही कारकून माणूस. विमानाच्या तिकिटाचा हिशेब आम्ही मांडतच नाही. नकाशा आणि वाचन यांच्या आधाराने हिंडतो. आज तुम्हांला सेऊलच्या अशा एका वस्तीत नेतो, जिकडे पर्यटकांची पावले सहसा वळत नाहीत. वस्तीचे नाव आनाम-दोंग. दोंग म्हणजे मोहल्ला.

तिथे जायला भुयारी रेल्वेचा सहा नंबरचा मार्ग आहे. तो आनामपर्यंत आला २००० साली. स्टेशनातून वर आले की समोर चढ, दगडी भिंती आणि विद्यार्थ्यांची गर्दी. हा सारा परिसर कोरिया विद्यापीठाचा. १९०५ साली 'बोसोंग' नावाची शाळा म्हणून ते निघाले, १९३४ मध्ये आनामच्या या टेकडीवर आले आणि देश स्वतंत्र झाल्यावर १९४६ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. देशातल्या पहिल्या तीन विद्यापीठांत त्याची गणना होते. तिथे प्रवेश मिळाला की आईबाप गल्लीत मान वर करून चालतात. यात आपले आणि त्यांचे सारखेच.

पण विद्यापीठ येण्याच्या फार आधीपासून इथे एक बुद्धविहार आहे. त्याची गोष्ट आपण मुद्दाम ऐकावी अशी आहे.

गेउन्सा असे त्याचे नाव. १३९६ साली, म्हणजे सेऊलभोवती राजाने तट बांधला त्याच वर्षी, तो वेगळ्या नावाने स्थापन झाला. विहार तटाच्या बाहेर होता. जोसॉन राजवटीने पुढे बौद्ध धम्माला दाबून टाकले. भिक्खूंची गणना हलक्या लोकांत होऊ लागली आणि त्यांना राजधानीच्या वेशीच्या आत पाऊल टाकायला मनाई झाली. ही बंदी उठली १८९५ साली. वेशीबाहेर ठेवणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

मध्यंतरी १७७९ साली राजाची एक तरुण राणी वारली. तिच्या कबरीसाठी जागा निवडली ती नेमकी विहाराजवळची, म्हणून विहारालाच आपली जागा सोडून आज आहे तिथे सरकावे लागले. पण काळाचा न्याय पाहा! राणीची कबर १९५० मध्ये दुसरीकडे हलवली गेली आणि तिथे आता विज्ञान शाखेच्या इमारती आहेत. विहार मात्र आपल्या जागी उभा आहे. १९८० आणि १९९० च्या दशकांत तर तरुण भिक्खू-भिक्खुनींचे महाविद्यालयच या विहाराच्या आवारात भरत असे. ज्यांना वेशीत येऊ देत नव्हते, त्यांची शाळा राजधानीत भरली.

गेउन्साला लागूनच बोतासा हे लहान विहार आहे. त्याच्या मागच्या कड्यात सुमारे पाच मीटर उंचीची बोधिसत्त्वाची बैठी मूर्ती कोरलेली आहे. ती पांढऱ्या रंगाने रंगवलेली, सहाशे वर्षांहून जुनी. २०१४ मध्ये सरकारने तिला 'ठेवा' म्हणून घोषित केले. हा बोधिसत्त्व म्हणजे अवलोकितेश्वर. आपल्या अजिंठ्याला, कान्हेरीला ज्याच्या मूर्ती आपण पाहतो तोच. 'बोता' हे नावही त्याच्या निवासाचे जे पोतलक, त्यावरूनच आले. इतका लांबचा प्रवास करून तो आनामच्या खडकात बसला आहे. त्याच्या पायथ्याच्या गल्लीतून रोज हजारो मुले तासाला उशीर झाला म्हणून धावत जातात.

ही मुले राहतात कुठे, जेवतात कुठे? आनामची खरी ओळख इथेच होते. गावाकडून आलेल्या मुलांसाठी इथे 'हासुक' असत, म्हणजे घरगुती खाणावळ असलेली खोली. घरमालकीण दोन वेळचे जेवण घालायची, ताप आला तर पेज करून द्यायची. आता हासुक कमी झाले. त्यांच्या जागी 'गोशिवॉन' आले. एक पलंग, एक टेबल, मध्ये उभे राहायला जागा. आपल्याकडे कॉट बेसिसवर राहून परीक्षा दिलेल्यांना हे चित्र लगेच समजेल.

२०१० नंतरच्या दशकात विद्यापीठाने शेजारच्या टेकडीवर वसतिगृह बांधायचे ठरवले. विरोध केला तो शेजाऱ्यांनीच. टेकडीची हिरवळ जाईल, हे एक कारण. खोल्यांचे भाडे बुडेल, हे दुसरे. त्या भाड्यावर म्हाताऱ्या माणसांचे घर चालते, हेही खोटे नाही. पण मुलांच्या खिशाला ते भाडे झेपत नाही, हेही खरे. दोन्हीकडे गरजू माणसेच उभी असतात तेव्हा भांडण फार अवघड होते. ते सोडवण्याची जबाबदारी, आमच्या मते, ज्यांच्याकडे पैसा आणि जमीन आहे त्यांची.

याच गल्लीत ली योंग-चोल नावाचा माणूस होऊन गेला. शिक्षण प्राथमिक शाळेपुरते. लहानपणापासून मजुरी. २००० साली त्याने विद्यापीठाजवळ हातगाडी लावली आणि एक हजार वोनला बर्गर विकू लागला. त्या वेळच्या हिशेबाने साधारण चाळीस रुपये. भाज्या, मांस महागले तरी कितीतरी वर्षे त्याने भाव वाढवला नाही. गाडीचे दुकान झाले. मग त्याने काय करावे? आपल्या मिळकतीतून विद्यापीठातल्या गरीब मुलांसाठी वर्षाला दोन कोटी वोनची शिष्यवृत्ती सुरू केली. ज्याला शाळेने लवकर बाहेर काढले, तो दुसऱ्यांच्या मुलांची फी भरू लागला!

२०१५ मध्ये धंदा बसला, दुकान बंद पडले. तेव्हा आजी-माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली. दोन हजारांहून अधिक जणांनी पैसे दिले आणि २०१६ मध्ये दुकान पुन्हा उघडले. दिलेले कधी वाया जात नाही, असे आपली म्हातारी माणसे सांगतात, ते उगाच नाही.

अशा मुलांच्या अंगी हिंमतही असते. एप्रिल म्हटला की आपल्याला १४ तारीख आठवते, आनामच्या मुलांना १८. १९६० साली त्या दिवशी निवडणुकीतल्या लबाडीविरुद्ध त्यांनी मोर्चा काढला. परतताना गुंडांनी त्यांना मारले. दुसऱ्या दिवशी सारे शहर रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या चालवल्या, पुष्कळ तरुण गेले. आठवड्याभरात राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांना पायउतार व्हावे लागले. दरवर्षी विद्यार्थी आनामपासून त्या शहिदांच्या स्मशानभूमीपर्यंत चालत जातात.

आता सांगा, या विद्यापीठात शिकवले कोणी? फक्त प्राध्यापकांनी? आम्हांला तसे वाटत नाही. जेवण वाढणारी घरमालकीण, हातगाडीवाला ली आणि वेशीबाहेर राहूनही जागा न सोडणारे भिक्खू हेही त्यात आहेत. त्यांची नावे पदवीच्या कागदावर छापली जात नाहीत, इतकेच. आपली मुले शिकून मोठी होतील, तेव्हा त्यांना फाटकाच्या बाहेरही बघायला सांगा. तिथे कुणाचे तरी देणे बाकी असते.