होळी जळाली, थंडी पळाली काय?

‘होळी जळाली, थंडी पळाली’ ही म्हण आपल्याकडे कोणी कोणाला मुद्दाम शिकवीत नाही. ती घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून कानावर पडते आणि तेथेच राहते. शिशिराची सीमा आणि वसंताचे द्वार दाखविणारी इतकी सुटसुटीत खूण दुसरी नसेल. फाल्गुनी पौर्णिमेला होळी पेटवावी, दुसऱ्या दिवशी गोधड्यांना ऊन दाखवून त्या पेटीत टाकाव्या आणि माठ बाहेर काढावा, ही कित्येक पिढ्यांची वहिवाट. परंतु कोकणपट्टीतील माणसाला अलीकडे ही म्हण जपूनच उच्चारावी लागते. एखाद्या वर्षी होळीला तीन आठवडे असतानाच थंडी पळालेली असते आणि माघातच वैशाख अवतरतो. एखाद्या वर्षी होळीची राख निवली तरी पहाटे अंगावर काटा उभा राहतो, दुपारी घामाच्या धारा लागतात आणि तिसऱ्या प्रहरी आभाळ भरून येते. पहाटे गोधडी, दुपारी पंखा आणि सायंकाळी छत्री असा तिहेरी सरंजाम ज्या ऋतूत बाळगावा लागतो, त्याला शिशिर म्हणावे की वसंत, हा प्रश्न पंचांगकर्त्यांनाही पडावा.

पूर्वी आम्ही शाळेत शिकवीत असताना फळ्यावर बारा महिने सहा ऋतूंना दोन-दोन असे वाटून देत असू. ‘गुरुजी, आज फाल्गुन आहे, मग शिशिरात उकडते कसे?’ असे एखाद्या चुणचुणीत मुलाने विचारले, म्हणजे ‘पुस्तकात आहे तसे लिही’ असे सांगून वेळ मारून नेत असू. त्या मुलाचा प्रश्न आमच्या उत्तरापेक्षा शहाणपणाचा होता, हे आज मोकळेपणाने कबूल केले पाहिजे. कारण आमचे पुस्तक जे गृहीत धरीत होते तेच शासनाच्या योजना, विम्याचे करार आणि शहरातील ग्राहक आजही गृहीत धरून चालले आहेत. ऋतू आपल्या ठरलेल्या दिवशी येतो, आणि न आल्यास तो ज्याचा त्याचा दैवयोग, असा हा समज आहे.

समुद्रकाठच्या या दिवसांची हवा लहरी का, हे समजून घेण्यास फार विद्वत्ता लागत नाही. उत्तरेकडे पश्चिमी झंझावात येऊन गेला की त्याच्यामागून थंड, कोरडे वारे दक्षिणेकडे उतरतात. त्यांचा एखादा झोत सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत पोहोचला की किनाऱ्यावरही पहाट गारठते. तो ओसरतो न ओसरतो तोच जमिनीवरून, पूर्वेकडून, तापलेले वारे समुद्राकडे वाहू लागतात. अशा वेळी किनाऱ्याचे रक्षण एकट्या खाऱ्या वाऱ्याने करावयाचे असते. तो सकाळी दहा-अकराच्या सुमारास सुटला तर दुपार सुसह्य होते. पूर्वेच्या वाऱ्यांनी त्याला दोन-तीन तास अडवून धरले की पारा भराभर चढतो. त्यातच अरबी समुद्रावरून बाष्प आले की अवेळी ढग आणि एखादी सर. गारठा, उष्मा आणि पाऊस हे तिन्ही पाहुणे एकाच आठवड्यात येतात ते यामुळे.

ही लहर आजची नव्हे, हे सांगणेही आमचे कर्तव्य आहे. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली. हवेच्या नोंदी ठेवण्याची या शहराची परंपरा इतकी जुनी आहे. त्या नोंदी सांगतात की २८ मार्च १९५६ रोजी मुंबईचा पारा ४१.७ अंशांवर गेला होता, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये सांताक्रूझला तो ८.८ अंशांपर्यंत उतरला होता. तेव्हा प्रत्येक गार पहाटेला आणि प्रत्येक तप्त दुपारीला ‘जग बदलले’ असा आक्रोश करणे बरे नव्हे. पण ‘पूर्वीही असेच होत असे’ एवढे म्हणून स्वस्थ बसणे हेही तितकेच चुकीचे. देशातील कमाल तापमानाच्या सरासरीचा विचार करता, १९०१ पासूनच्या नोंदींत २०२३ चा फेब्रुवारी सर्वांत उष्ण ठरला. सर्वसाधारण सरासरी तापमानाच्या बाबतीत २०२५ च्या फेब्रुवारीने उच्चांक गाठला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबई व आसपासच्या किनाऱ्यासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा देण्याची पाळी हवामान खात्यावर आली. किनारपट्टीवर पारा ३७ अंशांवर जाऊन नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी अधिक झाला म्हणजे लाट मानावयाची, असा संकेत आहे. तो फेब्रुवारीत लागू व्हावा, हे आमच्या पिढीच्या कल्पनेपलीकडचे होते. लहर जुनी आहे. तिचे झोके मात्र मोठे होत चालले आहेत.

या झोक्यांची किंमत शहरात आपण खोकल्याच्या बाटलीत मोजतो. दक्षिण कोकणात ती आंब्याच्या मोहोरात मोजली जाते. हापूस हे झाड मोठे मानी. पाऊस संपल्यावर जमीन सुकावी, मग थंडी पडावी, तेव्हा ते मोहोरते. पुढे हवा कोरडी, निरभ्र आणि हळूहळू ऊबदार होत गेली, तरच त्या मोहोराला कणी धरते, कणीची सुपारी होते आणि सुपारीचे फळ. फळ धरल्यापासून तयार होईपर्यंत सुमारे साडेतीन महिने लागतात. या साडेतीन महिन्यांत एकदा जरी हवेने शब्द फिरविला तरी सारे गणित मोडते. ढगाळ, दमट हवा झाली की मोहोरावर तुडतुडे आणि भुरी तुटून पडतात. पावसाची सर आली की करपा येतो. एकाएकी उष्मा वाढला की सुपारीएवढी फळे झाडाखाली सडा घालतात.

आणि थंडी लांबली तर? शहरातल्या वाचकास वाटेल की आंब्याला थंडी मानवते, मग ती लांबली तर बरेच झाले. येथेच या झाडाचे विलक्षण दुर्दैव आहे. बारीक फळे लागलेल्या फांदीला उशिरा पुन्हा थंडी मिळाली की तीच फांदी नव्याने मोहोरते. झाडाचे सारे अन्न या नव्या मोहोराकडे वळते आणि आधी धरलेली फळे उपाशी पडून गळतात. बागायतदार याला पुनर्मोहोर म्हणतात. रस्त्यावरून जाणारा प्रवासी ते फुललेले झाड पाहून प्रसन्न होतो, आणि त्याच झाडाखाली उभा असलेला मालक कपाळाला हात लावतो. एकच दृश्य एकाला शोभा आणि दुसऱ्याला तोटा, असा हा वसंत आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने यावर जिबरेलिक आम्लाच्या फवारणीचा उपाय सुचविला आहे आणि कीडरोगांसाठी सहा फवारण्यांचे वेळापत्रकही घालून दिले आहे. शास्त्राने आपले काम केले आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु प्रत्येक फवारणीला औषध लागते, मजुरी लागते, कातळावर पाणी चढवावे लागते; आणि फवारणी होऊन गेल्यावर दुसऱ्याच दिवशी पाऊस आला तर ती पुन्हा करावी लागते.

हा पैसा येतो कोठून, हे पेटी घेणाऱ्या शहरवासीयाने एकदा विचारावे. बहुधा तो येतो बाजारातील दलालाच्या उचलीतून. हंगामाच्या आधी उचल घ्यावयाची आणि हंगामात माल त्याच्याच गाळ्यावर पाठवावयाचा. पीक बुडाले तरी उचल बुडत नाही. ती पुढल्या वर्षीच्या खांद्यावर बसते. कराराने बाग घेणाऱ्याची अवस्था याहून बिकट, कारण झाड त्याचे नसते पण तोटा मात्र त्याचा असतो. आणि सर्वांच्या शेवटी बागेत खोपटे करून राहणारा राखणदार. तो पुष्कळदा नेपाळातून आलेला असतो. पीकच नसेल तर त्याला परतीची वाट धरावी लागते. हवेची लहर अशी पायरी पायरीने खाली उतरत जाते, आणि ज्याचा खांदा सर्वांत अशक्त त्याच्यावर ती सर्वांत जड होऊन बसते.

हापूस हे सर्वांच्या नजरेत भरणारे पीक, म्हणून त्याची वार्ता तरी छापून येते. वलांडीवर बोंबील आणि अंगणात जवळा वाळत घालणाऱ्या कोळणीचे काय? तिला या दिवसांत हवे असते केवळ कोरडे ऊन आणि वारा. एका अवेळी सरीने तिची आठवड्याची मेहनत कुजून जाते. पेण-उरणच्या मिठागरांत पांढरे होऊ लागलेले मीठ त्याच सरीने पुन्हा पाण्याचे पाणी होते. यांची हानी मोजण्यास तलाठी किती तत्परतेने जातो, हे ज्याचे त्याने आठवावे.

आंब्यासाठी हवामानावर आधारलेला फळपीक विमा आहे, आणि त्याचे तत्त्व आम्हांला मान्य आहे. प्रत्येक झाडाखाली पंच उभा करता येत नाही. म्हणून तापमान आणि पाऊस यंत्राने मोजावा आणि ठरलेली मर्यादा ओलांडली गेली की भरपाई द्यावी, हा विचार सयुक्तिक आहे. दोष आहे तो मोजमापाच्या अंतरात. महसूल मंडळासाठी एक यंत्र. परंतु कोकणातील मंडळ म्हणजे सपाट पटांगण नव्हे. खाडीकाठची बाग, माथ्यावरचा कातळ आणि डोंगराआडचे खोरे यांची पहाट एकच नसते. यंत्र जेथे उभे आहे तेथे गारठा पडला नाही, एवढ्यावरून दरीतील मोहोर वाचला असे ठरविणे हा न्याय नव्हे. दुसरा दोष मुदतीचा. गारठ्यासाठी अमुक तारखा आणि उष्म्यासाठी तमुक, अशी आखणी जुन्या ऋतुचक्रावरून केली आणि उष्मा त्या तारखांच्या आधीच येऊन गेला, तर कागदावर तो आलाच नाही असे होते. आमच्या फळ्यावरील सहा ऋतूंची चूक येथे कराराच्या कलमांत शिरते.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. मोजणीची यंत्रे मंडळामागे न ठेवता गावांच्या उंच-सखलपणाचा विचार करून वाढवावी. त्यांच्या नोंदी बागायतदारास रोजच्या रोज पाहता याव्या, म्हणजे संशयाला जागा राहणार नाही. विम्याच्या मुदती दर काही वर्षांनी नव्या नोंदींवरून तपासाव्या. भरपाई पुढील हंगामाची फवारणी सुरू होण्यापूर्वी हाती पडावी. उशिरा आलेली भरपाई दलालाच्या खात्यावरच जमा होते. करारदाराला, कोळणीला आणि मिठागरातील मजुरालाही नुकसानीच्या हिशेबात स्थान असावे. १९९० साली रोजगार हमीशी फळबाग लागवडीची सांगड घालून ज्या राज्याने उघड्या कातळावर आंबा आणि काजू उभा केला, त्या राज्याला हे अशक्य आहे असे आम्ही मानीत नाही. झाड लावण्यास प्रोत्साहन देणाऱ्याने त्या झाडावरच्या आभाळाची दखल घेणे ओघानेच येते.

शहरातील सुशिक्षित वर्गालाही दोन शब्द. मार्चमध्ये पेटी महाग म्हणून कुरकुर करावी आणि मे महिन्यात सारा माल एकदम आला की भाव पाडून घ्यावा, ही आपली रीत. भौगोलिक मानांकन २०१८ साली मिळाले तेव्हा हापूसचा अभिमान आपण सर्वांनी मिरविला. पण त्या नावाखाली दुसरीकडचा आंबा स्वस्तात मिळाला की तो निमूटपणे घेणारेही आपणच. ज्या फळाचा अभिमान वाटतो, त्याच्या हंगामाची जोखीम थोडीशी आपणही वाहावी. पेटी कोणाच्या बागेतली ते विचारावे, खात्री पटल्यास रास्त भाव द्यावा, आणि एखाद्या वर्षी आंबा उशिरा व थोडा आला तर त्यात कोणाची लबाडी शोधण्यापूर्वी त्या वर्षीचा फाल्गुन कसा गेला ते आठवावे.

होळी यापुढेही पेटेल, आणि तिच्याभोवती मुले तीच म्हण ओरडतील. ती त्यांच्या तोंडून काढून घ्यावी असे आम्हांला मुळीच वाटत नाही. म्हणी ऋतूंहून दीर्घायुषी असतात आणि असाव्यात. परंतु आपल्या योजना, आपले करार आणि आपला बाजार हे म्हणीच्या भरवशावर चालविणे आता परवडणारे नाही. थंडी पळाली की नाही, हे होळीला विचारून कळणार नाही. ते झाडाखाली जाऊन पाहावे लागेल.