वर्गणी आमची, मग खेळ कोणाचा?

शेतकरी, बलुतेदार व मजूर बंधूंनो आणि मायबहिणींनो, गावात वर्षाकाठी किती वर्गण्या गोळा होतात याचा हिशेब तुम्ही कधी केला आहे काय? पोळ्याची, गणपतीची, दुर्गादेवीची, जत्रेची, सप्ताहाची. शिवाय महापुरुषांच्या जयंत्यांच्या निराळ्याच. समजा, गाव 200 उंबऱ्यांचे आहे आणि प्रत्येक घराने वर्षात 500 रुपये दिले, तर 1 लाख रुपये होतात. हा पैसा कापसाच्या वेच्यातून, सुताराच्या वाकसातून आणि मजूरबाईच्या निंदणाच्या खुरप्यातून आलेला असतो. तो जातो कोठे? निम्म्याहून अधिक जातो भाड्याने आणलेल्या कर्ण्यांच्या भिंतीत, जिला आजकाल डीजे म्हणतात. रात्रभर छाती हादरते, सकाळी ती भिंत ट्रकमध्ये बसून निघून जाते आणि गावाच्या पदरात काय उरते, तर म्हाताऱ्यांच्या कानातला घुमघुमाट.

गेल्या पोळ्यापासून ह्या पोळ्यापर्यंत आम्ही ठरवून जिवंत माणसांचे खेळ पाहिले. दिवाळीच्या सुमारास कोलामांच्या पोडावर दंडार पाहिली, थंडीत झाडीपट्टीतले रात्रभराचे नाटक पाहिले, होळीला पुसदकडच्या बंजारा तांड्यावर लेंगी ऐकली, आणि शाळाशाळांतील संमेलने तर आमच्या धंद्याचाच भाग. त्यावरून आमचे जे मत बनले ते येथे उघडपणे मांडतो. आपल्या वर्गणीचा पैसा आपल्याच माणसांच्या कलेवर खर्च झाला पाहिजे, आणि त्या कलेनेही आपल्याच सुखदुःखाची गोष्ट सांगितली पाहिजे.

प्रथम दंडारीविषयी. आमच्या जिल्ह्यातील पांढरकवडा, झरी, मारेगाव, घाटंजी ह्या भागांत कोलामांची पोडे आहेत. सरकारच्या दप्तरी ही जमात अत्यंत मागास आदिवासी जमातींत नोंदलेली आहे. परंतु दंडारीत ढोलावर टिपरी पडली की ह्या मागास म्हटलेल्या माणसांची शिस्त पाहावी! पावलाला पाऊल लागते, सोंगे येतात, हसवतात आणि जातात. तिकीट नाही, पडदा नाही, पाहुणा पुढारी नाही. जे नाचणारे तेच शेतात राबणारे. आम्ही पाहिली त्या रात्री शेजारच्या पोडावरचे लोकही पाहुणे म्हणून आले होते, आणि सर्वांस एकच जेवण होते. हे पाहून आम्हांस वाटले की समतेवर पन्नास व्याख्याने ऐकण्यापेक्षा अशा एका पंगतीला बसणे बरे.

आता झाडीपट्टी. वैनगंगेच्या अंगाने गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया ह्या जिल्ह्यांतील धानाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. दिवाळीनंतर मंडई भरू लागली की तेथे नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे ह्या धंद्याचे केंद्र. तेथून कंपन्या गावोगाव जातात. खेळ रात्री उशिरा उभा राहतो आणि उजाडेपर्यंत चालतो. गावातील मंडळ कंपनी ठरवते, तिकिटे विकते आणि जमाखर्च आपणच पाहते. नाटकाच्या निमित्ताने लेकी माहेरी येतात, सोयरे जमतात, लग्नेही जुळतात. नट, वादक, पडदेवाले, मंडपवाले, रंगभूषावाले अशी कितीतरी घरे त्यावर जगतात. ह्याच रंगभूमीवर शेकडो भूमिका केलेले गडचिरोलीचे परशुराम खुणे यांस 2023 साली पद्मश्री मिळाली. युरोपात गाऊन केलेल्या नाटकास ऑपेरा म्हणतात. त्याची मोठमोठी थिएटरे एके काळी राजेरजवाड्यांनी पोसली, आणि जर्मनीसारख्या देशात ती आजही बव्हंशी सरकारी तिजोरीच्या आधारावर उभी आहेत. आमच्या झाडीपट्टीतील धानवाल्याने मात्र आपल्या कनवटीच्या पैशावर आपले नाटक जगवले. हा पराक्रम लहान नव्हे. यवतमाळच्या कापूसवाल्याने तो डोळे उघडून पाहावा.

मराठी नाटकाचा इतिहास शहरातील विद्वान लिहितात, तेव्हा तो 1843 साली सांगलीस विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'पासून सुरू करतात. सांगलीच्या संस्थानिकांच्या आश्रयाने ते नाटक झाले. पुढे 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' गाण्यांत आणले आणि संगीत नाटकाचे युग आले. त्या गायनाची गोडी आम्ही नाकारीत नाही. परंतु त्या काळच्या रंगमंचावर राजे, ऋषी आणि देव यांचीच दाटी होती. नांगर धरणारा कुणबी तेथे कोठे होता? तो होता जोतीराव फुल्यांच्या नाटकात. 1855 साली जोतीरावांनी 'तृतीय रत्न' लिहिले. एक गरोदर कुणबीण आणि तिचा नवरा. जोशीबुवा ग्रहांची भीती घालून त्यांस लुबाडतो. शेवटी नवरा-बायको दोघेही शिकावयास जाण्याचा निश्चय करतात. जोतीरावांनी हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीपुढे ठेवले आणि कमिटीने ते नाकारले. ज्या नाटकात शेतकऱ्याची बायको शाळेची वाट धरते, त्या नाटकास त्या काळी रंगमंच मिळाला नाही, हे आम्ही विसरता कामा नये.

रंगमंच मिळाला नाही म्हणून आमचे लोक थांबले नाहीत. सत्यशोधक समाज 1873 साली निघाला, आणि पुढे त्याचे जलसे गावोगाव फिरू लागले. तमाशाचाच साज घेतला, ढोलकी तीच, बतावणी तीच. पण विषय बदलला. सावकाराचे खोटे खत, भटजीची दक्षिणा, दारूचा गुत्ता आणि मुलांची शाळा ह्या गोष्टी चावडीपुढे बोलल्या जाऊ लागल्या. भीमराव महामुनींसारख्या शाहिरांनी जे काम केले ते शंभर पुस्तकांनी झाले नसते, कारण ऐकणारास अक्षर येत नव्हते. पुढे आंबेडकरी जलशांनी हाच मार्ग धरला, आणि 1944 साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख व गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने तो गिरणगावापर्यंत नेला. आमच्या वऱ्हाडात गाडगेबाबांनी तर कीर्तनालाच शाळा केले. दिवसा हाती खराटा, रात्री तोंडी प्रश्न. आणि उत्तर द्यावयाचे श्रोत्यांनी! अशा बापाची आम्ही लेकरे, आणि आज आम्ही कर्ण्यापुढे मुकाट उभे राहतो.

कोणी म्हणेल, मास्तर, ती जुनी गोष्ट. आज गावचा माणूस नाटकात काय करणार? त्यांस आमच्याच जिल्ह्याचे उदाहरण देतो. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला 92 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटनास बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले गेले. ते कृत्य अनुचित होते, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यानंतर उद्घाटनाचा मान आमच्या जिल्ह्यातील वैशाली येडे यांस मिळाला. कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्याची ही विधवा. आणि ती रंगमंचावर उभी राहिलेली नटीही होती. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या व हरीश इथापे यांनी बसवलेल्या 'तेरवं' नाटकात अशाच घरांतील बाया स्वतः उभ्या राहिल्या. जिचे कुंकू पुसले, जिला शुभकार्यात मागे बसवले, ती पुढे येऊन हजारोंना आपले गाऱ्हाणे सांगते! नाटकाचे ह्याहून मोठे काम कोणते?

आणि नाव पाहा, 'तेरवं'. आमच्या गावांत मेलेल्याच्या तेरव्याची जेवणावळ कर्ज काढून घालतात. कर्जाने मेलेल्याच्या नावाने पुन्हा कर्ज! हे आम्ही शाळेत शिकवू गेलो तर लोक म्हणतील, मास्तरास धर्म कळत नाही. हेच रंगमंचावर त्या घरची बाई बोलली तर सारी सभा मान खाली घालते.

तथापि आपले ते सर्वच सोने, असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळ दंडारींत बाईचे सोंग आजही पुरुषच घेतो. सोंगांच्या विनोदात लंगड्या-आंधळ्यांची आणि लहान मानलेल्या जातींची टर उडवली जाते. ती बंद झाली पाहिजे. झाडीपट्टीच्या काही खेळांत गल्ला भरावा म्हणून कथेशी संबंध नसलेले नाच घुसवतात. तमाशातील बाईकडे दारू पिऊन पाहणारे डोळे तर आमच्याच गावचे असतात. नाच वाईट आहे, असे आम्ही म्हणत नाही. लेंगीत तांड्यावरील बायामाणसे नाचतात तेव्हा त्यांस प्रत्येक शब्दाचा अर्थ ठाऊक असतो. कर्ण्यापुढे उड्या मारणाऱ्या आमच्या पोरांस गाण्याचा एक शब्द तरी कळतो काय?

म्हणून आमच्या सूचना अशा. वर्गणीचा निम्मा भाग जिवंत माणसांच्या खेळासाठी राखून ठेवावा आणि पैन् पैचा हिशेब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. कलावंतांची बिदागी आधी ठरवून, खेळ संपताच हातात द्यावी. त्यांची पंगत गावच्या पंगतीतच बसावी. बायामुलींस मागे अंधारात न बसवता पुढची जागा द्यावी, आणि मुलींस रंगमंचावर चढू द्यावे. खेळाचे विषय आपले असावेत: बोगस बियाणे, कापसाच्या काट्यातील मारलेले माप, खाजगी सावकार, हुंडा, तेरव्याची जेवणावळ. लिहिणारा नाही अशी सबब सांगू नये; गावोगावी शाळा आहेत, मास्तर आहेत आणि सातवीतली चुणचुणीत मुले आहेत. संमेलनात सिनेमाच्या गाण्यावर ओठ हलवण्यापेक्षा त्यांनी आपल्या आजीची हकीकत बतावणीत मांडावी. नारळ फोडण्यास मुहूर्त किंवा पुढारी शोधू नये. गावातील एखाद्या कष्टकरी विधवेच्या हातून खेळ सुरू करावा.

पोळा झाला, आता वर्गणीची वही पुन्हा दारात येईल. पैसे जरूर द्या, मात्र देण्यापूर्वी वहीवाल्या पोरास एवढेच विचारा, की बाबा, यंदा खेळ कोणाचा? उत्तर मनासारखे आले नाही, तर वही मिटून परत द्या. वर्गणी हा जुलूम नाही, ते आपले मत आहे. आणि आपले मत ज्याच्या त्याच्या झोळीत टाकण्याची सवय आता आपण सोडली पाहिजे.